स्टेजचा रंग बाटलीतून: दोन स्पर्धांनंतरचा अनुभव

स्टेजवरच्या झगमगाटात फिकट कातडीवरचे कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेषा, दिसतच नाहीत, म्हणून शरीरसौष्ठव स्पर्धेआधी अंगावर रंग चढवावा लागतो. सहा-सात वर्षं मी तो उन्हात चढवला. तेल चोपडून भर दुपारी गच्चीवर पालथं पडायचं, आणि तारीख जवळ आली की टॅनिंग बेडमध्ये, म्हणजे अतिनील दिव्यांच्या पेटीत, झोपायचं. यंदा पहिल्यांदाच बाटलीतला, कातडी रंगवणारा फेस वापरला. रंगाला पाचपैकी चार देईन.

यात डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन असतं, बोलताना सगळे ‘डीएचए’ म्हणतात. कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी त्याची प्रक्रिया होते. पाव भाजताना वरचा भाग तपकिरी होतो, त्याच जातीची. दोन-तीन तास वाटतं, फसवलं आपल्याला. सकाळी आरशात दुसराच माणूस. रंग पाच ते सात दिवस टिकतो, मग कातडीबरोबर झडतो.

आदल्या दिवशी अंग घासून घ्या, आणि कोपर, गुडघे, घोट्यांना आधी थोडं मॉइश्चरायझर लावा. मी पहिल्या वेळी हे टाळलं आणि कोपरांवर शाई सांडल्यासारखे डाग पडले. हातमोजाही घातला नव्हता. तळहात नारिंगी, आठवडाभर हात खिशात. वास शिळ्या बिस्किटांचा. चादर गेली ती गेलीच. फवारणीच्या बूथपेक्षा मला फेस बरा वाटतो, कारण अमेरिकेच्या एफडीएची (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) डीएचएला मान्यता आहे ती फक्त कातडीवर बाहेरून लावण्यापुरती. नाकातोंडात जाणारा फवारा त्यात बसत नाही.

आता राग. खोक्यावर पुढे ठळक अक्षरांत ‘टॅनचं नैसर्गिक कवच’, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘यात सनस्क्रीन नाही’. मी पुढचं वाचलं. दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन न लावता उन्हात दोन तास पोझिंग केलं, खांदे भाजले आणि रंग पापुद्र्यांनी निघाला. अहो, उन्हातला खरा टॅनसुद्धा जेमतेम एसपीएफ (सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा) तीन-चारचं काम करतो. हा तर नुसता रंग!

बाटलीचा खरा उपयोग मात्र भलताच झाला. पाठीला माझा हात पोचत नाही, तिथे बायको लावत होती. मध्येच थांबली. “हा तीळ आधी एवढा होता?” मी तसाच रंगलेला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एक नजर टाकली आणि परत पाठवलं: रंग पूर्ण उतरू दे, मग या; डीएचएने तीळही गडद दिसतो, कडा नीट कळत नाहीत. दोन आठवडे काढले, कसे ते विचारू नका. मग त्यांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, लावून पाहिलं, फोटो काढून ठेवला. आज काही काढायची गरज नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

डॉक्टरांनी टॅनिंग बेडचं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. तिथला माणूस म्हणायचा, आत मुख्यतः यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) असतं, त्याने जळत नाही. सहसा लगेच जळत नाही म्हणूनच माणूस पडून राहतो, आणि यूव्हीए जातं खोलवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2009 साली ही यंत्रं तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्याच, कर्करोगकारक गटात टाकली. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांवर बंदी घातली. मी तेव्हा व्यायामशाळेतही जात नव्हतो, म्हणजे कळायला वेळ होता.

“पण डॉक्टर, आपली कातडी सावळी,” असंही म्हणून पाहिलं. धोका कमी, पण शून्य नाही, ते म्हणाले, आणि बूट-मोजे काढायला लावले. सावळ्या माणसात मेलानोमा, म्हणजे कातडीचा घातक कर्करोग, बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली निघतो, आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंधही नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच रोगाने 1981 मध्ये गेला, तेव्हा छत्तीस वर्षांचा होता; सुरुवात पायाच्या अंगठ्यापासून.

पुढची स्पर्धा तपासणीनंतर चार दिवसांनी आहे. बाटली अर्धी उरली आहे, हातमोजा नवा आणलाय. कापलेला एक गुण खोक्यावरच्या त्या ओळीचा. कोपरांची चूक माझी होती.