मॉडेल जेटला टर्बाइन लावावं की ईडीएफ?

ईडीएफ म्हणजे नळीत बसवलेला, बॅटरीच्या मोटरवर फिरणारा पंखा; टर्बाइन म्हणजे इंधन जाळणारं छोटं, खरंखुरं जेट इंजिन. रिमोटने उडणाऱ्या फोमच्या ईडीएफ विमानावर हात बसला की टर्बाइनचं खूळ डोक्यात शिरतंच. माझ्याही शिरलं. दोन हंगाम टर्बाइन उडवलं, मग विकलं. त्यामुळे पुढचं सगळं थोडं एकतर्फी वाटलं, तर समजून घ्या.

हवा मागे ढकलायची हे दोन्हींचं काम, पण ढकलण्याची तऱ्हा वेगळी. ईडीएफ भरपूर हवा घेतो आणि तिचा वेग माफक वाढवतो. टर्बाइन थोडीच हवा घेतं, पण ती दाबून, तापवून मागे फेकतं. 10 किलो थ्रस्टचं, म्हणजे तेवढ्या जोराने ढकलणारं, टर्बाइन सेकंदाला जेमतेम पाव किलो हवा ओढतं. बाहेर पडताना तिचा वेग ताशी 1,500 किलोमीटरच्या घरात असतो. विमानाचा वेग मागे जाणाऱ्या हवेच्या वेगाजवळ पोचू लागला की ईडीएफचा जोर ओसरतो. टर्बाइनला ती अडचण येत नाही. शिवाय टाकीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत ते तितक्याच ताकदीने ओढतं, आणि बॅटरी मात्र तिसऱ्या मिनिटालाच मान टाकू लागते.

ईडीएफला ‘हे कसलं जेट!’ म्हणणाऱ्यांना मी इटलीच्या काप्रोनी-कांपिनीची आठवण करून देतो. 27 ऑगस्ट 1940 ला उडालेल्या त्या विमानात कॉम्प्रेसर फिरवायला चक्क पिस्टन इंजिन होतं. तरी त्या काळी जगाने त्यालाच पहिलं जेट मानलं. जर्मनांचं खऱ्या टर्बाइनचं हाइन्केल 178 बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला, गुपचूप उडून गेलं होतं.

टर्बाइन खर्चिक, हे वेगळं सांगायला नको. त्याला लागणारं रॉकेल मिळायची मारामार, म्हणून मी डिझेलमध्ये टर्बाइन ऑइल घालून चालवायचो. घरी आल्यावर शर्टाला येणारा वास मला आवडायचा, घरात इतर कुणाला नाही.

मला नडला तो थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणं. आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, त्यातलं चक्र मिनिटाला 40 हजारांच्या आसपास फेरे घेतं, पूर्ण जोरात दीड लाख. मधली मजल एकदम मारता येत नाही. चक्र वेग घेईपर्यंत हवा कमी असते. तेवढ्यात इंधन जास्त ओतलं तर पाती जळतील, म्हणून इसीयू, म्हणजे इंधन मोजून देणारा छोटा संगणक, ते हात राखूनच सोडतो. माझ्या इंजिनाला चारेक सेकंद लागत असावेत; घड्याळ लावून पाहिलं नाही.

मार्चातली संध्याकाळ होती. आमची पट्टी माळावरची, आखूडच. विमान उतरायला आलं आणि बाभळीआडून एक म्हैस थेट पट्टीवर आली. मी रिमोटवरची थ्रॉटलची काठी पूर्ण पुढे सारली. काहीच झालं नाही. म्हैस उभी, विमान तिच्याकडे निघालेलं, आणि इंजिन आपल्या सवडीने शिट्टी चढवतंय. वेग नसताना नाक उचलू नये हे कळत होतं, तरी उचललं. म्हैस वाचली. विमान तिच्या पलीकडे जाऊन आपटलं आणि पुढचं चाक काटक्यांत गेलं. जोर आला तोवर विमान जमिनीवर होतं.

मुरलेले लोक फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण सोडून, थोडा थ्रॉटल राखूनच उतरतात, म्हणजे चक्र आधीच वेगात असतं. चूक माझीच होती, हे कबूल. पण आयडललाही टर्बाइन थोडं ढकलतच राहतं, त्यामुळे आखूड पट्टीवर थ्रॉटल राखून येणं मला कधी जमलं नाही. ईडीएफमध्ये बोट हललं की पुढच्या क्षणी विमान हलतं. त्याचा आवाज किरटा आहे, चार मिनिटांत उतरावं लागतं, एप्रिलच्या उन्हात बॅटऱ्या फुगतात. हे सगळं मी सोसतो.

तुमच्याकडे लांब डांबरी पट्टी असेल आणि शेजारी कुणी जाणकार उभा राहणार असेल, तर टर्बाइनला मी नाही म्हणणार नाही. माळावर उडवणार असाल, तर आधी एखादा 90 मिलिमीटर पंख्याचा ईडीएफ घ्या आणि वर्षभर थांबा.

मी टर्बाइनबरोबर सगळं सामान देऊन टाकलं, फक्त वाळक्या गवतासाठी घेतलेला अग्निशामक ठेवला. ईडीएफच्या लिपो (लिथियम) बॅटऱ्याही पेटू शकतात, त्यांना तो लागतोच.