भाड्याचे पॉइंट्स आणि महाबळेश्वरचा मावसभाऊ

लातुरात माझं मेडिकल दुकान आहे. हे आधीच सांगितलं की २०२० साल कसं गेलं ते वेगळं सांगायला नको. मार्चपासून एक दिवस शटर खाली नाही. घरी आलो की अंगणातच आंघोळ, ताट बाहेरच्या खोलीत, आणि दोन्ही पोरी दाराआडून बघणार. वर्ष संपता संपता रुग्ण कमी झाले, १६ जानेवारीपासून लसी सुरू होणार असं जाहीर झालं, तेव्हा बायको म्हणाली, "मे महिन्यात कुठंतरी थंड जागी न्या. पाच दिवस तुमचा फोन बंद पाहिजे." धाकटीची मागणी एकच होती, तळ्यात नाव. २०१६ साली आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ही चार वर्षांची होती, टँकर दिसला की छोटी कळशी घेऊन आईच्या मागं पळायची. तिला नावेत बसायची हौस का, हे लातूरकरालाच कळेल.

महाबळेश्वर ठरलं. आई, अण्णा, आम्ही चौघं, अंबाजोगाईहून ताई आणि दाजी. आठ माणसं, दोन खोल्या. मे महिन्यातले दर बघून मी गप्प बसलो. तेवढ्यात ताईनं तिच्या शाळेच्या ग्रुपवर आलेली एक जाहिरात पुढं ढकलली. हॉलिडे क्लबच्या मेंबरकडून पॉइंट्स भाड्यानं मिळतील, पाच रात्री, दोन खोल्या, अडतीस हजार. त्याच रिसॉर्टला मी फोन करून विचारलं, तर थेट बुकिंगला ऐंशीच्या पुढं सांगितलं.

हा पॉइंट्सचा प्रकार मलाही तेव्हाच कळला. माणूस काही लाख रुपये भरून क्लबचा मेंबर होतो, बहुतेक करून पंचवीस वर्षांसाठी. दरवर्षी त्याच्या खात्यात ठरावीक पॉइंट्स किंवा राहायच्या रात्री जमा होतात आणि त्यावर क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहता येतं. वर दरवर्षी देखभालीचे पैसे द्यावे लागतात, तुम्ही जा की नका जाऊ. वापरले नाहीत तर पॉइंट्स मुदतीनंतर बाद. म्हणून मेंबर ते दुसऱ्याला देतो आणि निदान देखभालीचा खर्च तरी काढून घेतो. २०२० मध्ये कुणालाच कुठं जाता आलं नाही. रिसॉर्ट बंद होते, विमानं दोन महिने जमिनीवर होती, ऑगस्टअखेरपर्यंत जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. सगळ्यांचे पॉइंट्स साचले, आणि जानेवारीत जो तो विकायला बसला. ती स्वस्ताई अशी होती. दुकानात एखादं औषध अचानक निम्म्या भावात यायला लागलं की मी आधी पट्टी उलटी करून एक्स्पायरी बघतो. इथं नाही बघितली.

तो गृहस्थ पुण्याचा. बोलणं एकदम मऊ, प्रत्येक वाक्यात "सर". आधी बुकिंग बघा, मग पैसे द्या, असं त्यानंच सांगितलं. दोन तासांत माझ्या नावाचा मेल आला, ८ मे ते १३ मे. मी रिसॉर्टला फोन करून खात्री केली. बुकिंग खरं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण लोकांना वाटतं फसवणूक म्हणजे खोटी पावती आणि बंद लागणारा फोन. आमच्या बाबतीत पावती खरी होती, फोन शेवटपर्यंत लागत होता.

तीन गोष्टी मात्र तेव्हाच खटकायला हव्या होत्या. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव दुसरंच आलं. "सासऱ्यांचं खातं आहे सर, माझी लिमिट संपलीय." बरं म्हटलं. मग तो म्हणाला, "रिसेप्शनवर विचारलं तर मी तुमचा मावसभाऊ आहे असं सांगा. क्लबला भाड्यानं दिलेलं चालत नाही, नातेवाईक चालतात." आम्ही घरात यावर खूप हसलो. मी त्याचा नंबर 'मावसभाऊ महाबळेश्वर' म्हणून सेव्ह केला. पैसे घेताना परका आणि चेक-इन करताना मावसभाऊ, यात गंमत नाही, गोम आहे, हे सुचलं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे त्याचा एक मेसेज. 'बुकिंग कन्फर्म झाल्यावर रक्कम परत मिळणार नाही.' त्याखाली मी काही लिहिलं नाही, होकाराचा नुसता अंगठ्याचा इमोजी टाकला. बी. फार्म. झालेल्या माणसानं अंगठा लावला असं म्हणा.

फेब्रुवारीत अमरावतीकडून रुग्ण पुन्हा वाढल्याच्या बातम्या यायला लागल्या. मार्चच्या शेवटी नांदेड आणि बीड जिल्हे ४ एप्रिलपर्यंत बंद झाले. ताई अंबाजोगाईत अडकली. मी मावसभावाला फोन केला, रद्द करून पैसे देता का, नाहीतर तारीख पुढं ढकलता का. तो म्हणाला, "मे ला अजून वेळ आहे सर. आता रद्द केलं तर तुमचंच नुकसान. थोडं थांबा."

मी थांबलो, त्याला एक कारण होतं. माझ्या पुतण्याचं विमानाचं तिकीट पहिल्या लॉकडाऊनमध्ये वाया गेलं होतं, आणि १ ऑक्टोबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याचे पैसे परत आले होते. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की सरकारनंच बंद केलं तर पैसे बुडत नाहीत. पण तो निकाल विमान कंपन्यांच्या तिकिटांपुरता होता. पुण्याच्या माणसानं सासऱ्याच्या खात्यात घेतलेल्या अडतीस हजारांशी त्याचा काय संबंध?

एप्रिलबद्दल जास्त लिहीत नाही. रेमडेसिविर, म्हणजे तेव्हा कोरोनाच्या रुग्णांना द्यायचे ते इंजेक्शन, आमच्यासारख्या दुकानातून जवळजवळ बंदच झालं होतं, ते दवाखान्यांना जिल्हा प्रशासनामार्फत जायचं, पण लोकांना ते कोण सांगणार? रात्री दोनला फोन यायचे. ओळखीचे, अनोळखी, रडणारे, शिव्या देणारे. १४ एप्रिलला रात्री संचारबंदी लागली. २२ ला नियम आणखी कडक झाले, लग्न पंचवीस माणसांत, जिल्ह्याबाहेर जायचं तर दवाखाना किंवा मयत. महाबळेश्वर डोक्यातून गेलंच होतं. मधे एकदा, २० तारखेला, मी मावसभावाला मेसेज टाकला. उत्तर आलं, 'परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे सर, बघू.'

मेच्या पहिल्या आठवड्यात बायकोनंच रिसॉर्टला फोन लावला. पलीकडचा पोरगा नम्र होता. म्हणाला, "मॅडम, हे बुकिंग १६ एप्रिललाच रद्द झालंय. मेंबरनी स्वतः केलंय. रात्री त्यांच्या खात्यात परत जमा झाल्यात." पैशांचं विचारल्यावर म्हणाला, "तुमचे पैसे आमच्याकडं आलेलेच नाहीत, आम्ही फक्त मेंबरशी बोलू शकतो."

म्हणजे १६ ला त्यानं आपल्या रात्री सोडवून घेतल्या होत्या, आणि २० ला मला 'बघू' म्हणत होता. फसवणूक इथं आहे. साथ आली यात त्याचा दोष नाही, संचारबंदी त्यानं लावली नाही. पण त्याचं काहीच बुडालं नव्हतं. माल त्याच्या घरी परत गेला होता आणि मालाचे पैसेही त्याच्याच घरी होते.

फोनवर तो चिडला नाही, हे जास्त लागलं. "सर, मी तुम्हाला बुकिंग दिलं होतं की नाही? सरकारनं बंद केलं त्याला मी काय करणार? नॉन-रिफंडेबल लिहिलं होतं, तुम्ही ओके केलं होतं." मी म्हटलं, रात्री तर तुम्हाला परत मिळाल्या. "ते माझं आणि क्लबचं आहे सर." मी क्लबकडं तक्रार करतो म्हटल्यावर हसला. "काय सांगणार? मावसभावानं फसवलं?"

हे सगळं मी रात्री गच्चीवर अण्णांना सांगत होतो. अण्णांची आयुष्यभर शेती, औशाकडं. त्यांना पॉइंट्स म्हणजे काय हे कळायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"आरं, सातबारा त्याचा हाय," ते म्हणाले. "तू नुसतं पेरलास."

मला लगेच कळलं. २०२० च्या ऑक्टोबरात अतिवृष्टीनं सोयाबीन आडवं झालं तेव्हा अण्णांनी शेजाऱ्याची पाच एकर ठोक्यानं केली होती. ठोक्याचे पैसे आधीच दिलेले. बियाणं अण्णांचं, खत अण्णांचं, मजुरी अण्णांची. नुकसानभरपाई आली ती शेजाऱ्याच्या खात्यात, कारण सातबाऱ्यावर नाव त्याचं. शेजारी चांगला म्हणून निम्मे आणून दिले, नाहीतर मागायला कुठं जाणार होते? माझ्या मेलवर माझं नाव होतं म्हणून मी ते बुकिंग माझं समजत होतो. रद्द करायचा हक्क त्याचा, तारीख बदलायचा त्याचा, संकटात क्लब जी काही सूट देईल तीही त्याचीच. साथीच्या काळात या एका गोष्टीमुळे भाड्याचे पॉइंट्स धोक्याचे होते. एरवी तुम्ही राहून येता आणि सातबारा कुणाचा हा प्रश्नच निघत नाही.

दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला. त्याच ग्रुपवर तीच जाहिरात. महाबळेश्वर, पाच रात्री, दोन खोल्या, ४ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनानंतरच्या तारखा, आता त्रेचाळीस हजार. दाजींनी दुसऱ्या नंबरवरून गिऱ्हाईक बनून विचारलं, तर म्हणाला, "सर, मे महिन्यात वापरायच्या राहिल्या होत्या, क्लबनं मुदत वाढवून दिलीय." आमच्याच रात्री. दाजी तापट माणूस, त्यांनी तिथंच त्याच्या सात पिढ्या काढल्या. माझा पुरावा होता होता राहिला. कॉल रेकॉर्डसुद्धा केला नव्हता.

पोलिसांकडं गेलो. हवालदारानं शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाला, हा दिवाणी मामला दिसतोय, बुकिंग तर खरं होतं ना. सायबर हेल्पलाइनचंही विचारलं, तेव्हा नंबर १५५२६० होता, आता १९३० आहे. पण तिचा उपयोग पैसे गेल्या गेल्या ते खात्यात अडवण्यासाठी. महिने उलटल्यावर काय अडवणार?

मग ओळखीच्या वकिलाकडं. त्याचं म्हणणं असं, की ग्राहक आयोगात जाता येईल, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-दाखिल या तेव्हाच्या सरकारी पोर्टलवर (आता ई-जागृती) घरबसल्या तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत आहे. पण क्लबला ओढता येणार नाही, क्लबनं तुझ्याकडून एक रुपया घेतलेला नाही. राहिला तो माणूस. तो पॉइंट्स विकायचा धंदाच करतो हे दाखवलंस तर बाजू भक्कम, एकदाच दिले असं त्यानं म्हटलं तर वाद घालत बसावं लागेल. आधी नोटीस पाठवू. नोटिशीत १६ आणि २० एप्रिल या दोन तारखा ठळक टाकल्या. आठ दिवसांत मावसभावाचा फोन. माणुसकी म्हणून दहा हजार देतो, पण 'प्रकरण मिटलं' असं लिहून द्या.

मी घेतले. वाचणाऱ्याला राग येईल, मलाही आला होता. पण दुकान सोडून तारखांना जायचं त्राण नव्हतं, आणि त्या वर्षी आमच्या गल्लीतली चार माणसं गेली होती. अठ्ठावीस हजारांसाठी भांडायला तोंड उघडत नव्हतं.

पैसे बुडाल्याचं मी दोन-तीन ग्रुपवर लिहिलं होतं. ते वाचून आणखी एक जण आला. 'रिफंड विभागातून बोलतोय', दोन हजार प्रोसेसिंग भरा आणि मोबाइलवर एक अ‍ॅप घ्या. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही एवढं मला माहीत होतं, म्हणून वाचलो. एकदा नाव बुडालेल्यांच्या यादीत गेलं की असे फोन येतात.

माझ्या ओळखीत अजूनही लोक पॉइंट्स भाड्यानं घेतात आणि मजेत राहून येतात. मी नको म्हणत नाही. पण मला विचारलं तर सांगतो, निम्मे पैसे आधी आणि निम्मे खोलीची चावी हातात आल्यावर. तयार नसेल तर सोडून द्या. पैसे मेंबरच्याच नावाच्या खात्यात. त्यानं या वर्षीचं देखभाल शुल्क भरल्याची पावती मागा, थकबाकी असेल तर क्लब बुकिंग अडवू शकतो. आणि सगळ्यात आधी त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्या, की रिसॉर्ट बंद झालं किंवा जाणं बेकायदा ठरलं आणि पॉइंट्स तुमच्या खात्यात परत आले, तर माझे पैसे इतक्या दिवसांत परत. या ओळीवर जो आढेवेढे घेईल त्याचं मनातलं तिथंच कळतं. जाण्याआधी महिनाभर दर आठवड्याला रिसॉर्टला फोन करा, मेंबरला नाही. मी ते केलं असतं तर १७ एप्रिललाच कळलं असतं.

नाव शेवटी धाकटीला मिळाली, २०२२ च्या डिसेंबरात, थेट रिसॉर्टला पैसे भरून. मुरुड, येडशी, बार्शी, टेंभुर्णी, अकलूज, फलटण, वाई, आणि वाटेत तीनदा उलटी. वेण्णा लेकवर इतकी थंडी होती की दहा मिनिटांत ती म्हणाली, पप्पा, बास.

मावसभावाचा नंबर मी काढलेला नाही. परवा त्याच्या स्टेटसला होतं, 'मे महिना, महाबळेश्वर, शेवटच्या दोनच रूम, फक्त फॅमिली.'