प्रदूषण मंडळाची ऑनलाइन संमती सेवा: काजू-कोकमवाल्यांसाठी कशी आहे?

गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती सेवा, म्हणजे उद्योगाला लागणारी मंडळाची परवानगी देणारी सेवा, छोट्या प्रक्रिया उद्योगाला वापरण्याजोगी आहे. अर्ज, कागद आणि शुल्क सगळे ऑनलाइन होते. तरीही सत्तरी-सांगे तालुक्यांतले बरेच अर्ज अडकतात. त्याचे कारण बहुतेक वेळा पोर्टलमध्ये नसून जमिनीच्या कागदात आणि पाण्याच्या हिशेबात असते.

संमती दोनदा घ्यायची असते. बांधकामाआधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश, उत्पादनाआधी कन्सेंट टू ऑपरेट. दोन्हींचा आधार 1974 च्या जल कायद्याचे कलम 25 आणि 1981 च्या वायू कायद्याचे कलम 21. शेड उभी करून, यंत्रे बसवून मग पहिल्या संमतीसाठी जाणे हा उलटा क्रम आहे आणि तो महागात पडतो. केंद्राच्या पर्यावरण मंजुरीची, म्हणजे ईसीची, धास्ती मात्र नको. काजू सोलणे किंवा कोकम आगळ काढणे 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या यादीत नाही. बांधकाम 20,000 चौरस मीटरवर गेले तरच तो प्रश्न येतो. एवढ्याशा शेडसाठी कुणी ईआयए अहवालाचे कोटेशन दिले, तर सरळ नाही म्हणा.

उद्योगाचा रंग, म्हणजे प्रदूषणावरून ठरणारा लाल (सर्वाधिक) ते पांढरा (सर्वात कमी) असा वर्ग, आधी पाहून घ्या. केंद्रीय मंडळाने 2025 मध्ये वर्गवारी बदलली, त्यामुळे जुनी यादी पाहून अर्ज भरू नये. नोव्हेंबर 2024 पासून पांढऱ्या वर्गाला संमतीतून सूट आहे. पण धुण्याचे पाणी आणि लाकडाचा बॉयलर असलेली शेड पांढऱ्यात बसेल असे धरून चालू नका.

आता जमीन. एक-चौदाचा (जमिनीचे हक्क आणि पिके दाखवणारा) उतारा, नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला, जमीन बिगरशेती करण्याची रूपांतराची सनद आणि पंचायतीचा परवाना, याच क्रमाने चला. कूळ कायद्याने मिळालेली जमीन असेल तर तिथेच थांबा: 1991 च्या जमीन वापर कायद्याने ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. डोंगर कापायचा किंवा सखल जागा भरायची असेल तर नगरनियोजन कायद्याच्या कलम 17 अ ची परवानगी वेगळी. भरतीचे पाणी चढणाऱ्या नदीकाठी 2011 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नियमानुसार 100 मीटर किंवा नदीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा मोकळा सोडावा लागतो. बोअरवेलसाठी 2002 चा भूजल कायदा आणि जलस्रोत खाते. झाडे तोडायची तर 1984 चा वृक्ष कायदा.

सगळ्यात जास्त चुका पाण्याच्या तक्त्यात होतात. समजा रोज 500 किलो कोकम घेता. धुण्याला 1,000 लिटर, भांडी आणि फरशीला 600 लिटर, आठ कामगारांना माणशी 45 लिटरप्रमाणे 360 लिटर. म्हणजे एकूण 1,960. कामगारांचे पाणी सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यात जाईल. बाकीचे 1,600 लिटर प्रक्रियेचे, ते तिथे सोडता येणार नाही. जांभा दगड पाणी पटकन आत ओढतो आणि खालची विहीर आंबट होते. हा तक्ता, नकाशातली इटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची) जागा आणि पाण्याचा शेवटचा ठिकाणा एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. तपासणीत तफावत दिसली की शंका निघणारच, आणि ते योग्यही आहे.

कोकमचे पाणी आम्लधर्मी असते. चुन्याने पीएच 5.5 ते 9 मध्ये आणा. बीओडी आणि सीओडी ही पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते याची दोन मापे. ओढ्यात सोडायचे तर बीओडी 30 आणि सीओडी 250 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवा. बागायतीला द्यायचे तर बीओडीची मर्यादा 100. मीठ मात्र साध्या इटीपीने निघत नाही, म्हणून खारट आगळ सांडून ते पाण्यात मिसळू देऊ नका, वेगळे गोळा करा. फणसाचे चिप्स तळत असाल तर इटीपीच्या आधी तेलाचा सापळा बसवा. तेल-ग्रीसची मर्यादा 10 आहे.

काजूत पाण्यापेक्षा धूर मोठा प्रश्न. कच्ची टरफले भट्टीत घातली की त्यातल्या तेलाचा झोंबणारा धूर निघतो आणि वाड्यावरून तक्रारी येतात. टरफले तेल काढणाऱ्या घाण्याला विका, आणि चिमणीची उंची व इंधन अर्जात लिहाल तेच प्रत्यक्षात ठेवा.

सेवेची उणीव स्पष्ट आहे: अर्ज इंग्रजीत, आणि छोट्या शेडलाही मोठ्या कारखान्याच्या धाटणीचे रकाने. महिला स्वयंसाहाय्य गटांना हे एकट्याने भरणे कठीण जाते. मराठी-कोंकणी नमुना अर्ज द्यायलाच हवा. शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते, त्यासाठी सीएचा दाखला लागतो. पूर्ण अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर जल कायद्यात मानीव संमतीची, म्हणजे संमती मिळाली असे धरण्याची, तरतूद आहे, पण अपुऱ्या अर्जाला ती लागू नाही. नकार आला तर कलम 28 खाली 30 दिवसांत अपील करता येते. पुढे बॉयलर बदलला किंवा क्षमता वाढवली, तर सुधारित संमती आधी घ्या, यंत्र नंतर आणा.