वाळवलेला जंबू: चवीला उत्तम, माहितीला अपुरा

कुमाऊं आणि नेपाळच्या डोंगराळ भागात डाळीच्या फोडणीत पडणारा वाळवलेला जंबू, म्हणजे रानटी कांद्याची सुकवलेली पाने, आता महाराष्ट्रातही ऑनलाइन मिळतो. हे परीक्षण पहाडी जिन्नस विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून मागवलेल्या २५ ग्रॅमच्या पुडीचे आहे. पुडी १८० रुपयांना पडली. भाव चढा वाटेल, परंतु चार माणसांच्या डाळीला दोन चिमटी पुरतात, त्यामुळे ती बरेच दिवस चालते.

पुडीवर ‘हिमालयन हर्ब’ एवढेच लिहिलेले आहे आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. जंबू या नावाखाली ॲलियम प्रजातीतील, म्हणजे आपल्या कांदा-लसणाच्याच गोतावळ्यातील, अनेक रानटी जाती विकल्या जातात. नेपाळच्या मुस्तांग भागातून येणारा माल प्रामुख्याने ॲलियम हिप्सिस्टम आणि ॲलियम प्रझेवाल्स्कियानम या जातींचा असतो. गढवालच्या नीती आणि माणा खोऱ्यांत भोटिया कुटुंबे फरण नावाने जो लावतात, तो ॲलियम स्ट्रॅची. १८४० च्या दशकात कुमाऊं व पश्चिम तिबेट पालथा घालणाऱ्या रिचर्ड स्ट्रॅची यांचे नाव त्याला मिळाले आहे. यांपैकी पुडीत नेमके काय आहे, हे ग्राहकाला कळायला हवे.

ते निदान अंदाजाने कळावे म्हणून मी चिमूटभर जंबू कोमट पाण्यात भिजवला आणि भिंगाखाली पाहिला. सुकलेल्या काड्या फुगल्यावर त्यांतील बहुतेक पाने आतून पोकळ निघाली. म्हणजे रुंद, चपट्या पानांचा आणि तीनधारी दांड्याचा ॲलियम वालिची हा दुसरा हिमालयी रानटी कांदा यात नसावा. काही फुलेही शाबूत होती: सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधोमध तीन कप्प्यांचा अंडाशय, अगदी शेतातल्या कांद्याच्या गोंड्यातल्या फुलासारखी रचना. सर्वांत बोलका पुरावा मात्र तळाशी सापडला. मुळांसकट उपटलेला एक बारीक, लांबट कंद त्यात होता आणि त्यावर तांबूस तंतूंचे जाळीदार वेष्टन होते. असे वेष्टन आणि पोकळ पाने ही प्रझेवाल्स्कियानमची ओळख आहे. तेव्हा निदान काही माल तरी त्या जातीचा असावा.

हा कंद पुडीत यायलाच नको होता. हे कांदे बहुवर्षायू असतात, वर्षातील कित्येक महिने बर्फाखाली काढतात आणि उन्हाळ्याच्या थोड्या काळात पानांनी कमावलेले अन्न कंदात साठवतात. पाने कापली तर तोच कंद पुन्हा फुटतो. कंदच उपटला तर त्या जागची पुढची पिढी खुंटते. ॲलियम स्ट्रॅचीची नोंद भारतीय वनस्पतींच्या ‘रेड डेटा बुक’मध्ये असुरक्षित जाती म्हणून झालेली आहे. माल शेतातला आहे की कुरणातून ओरबाडलेला, हे विक्रेत्याने वेष्टनावर छापणे म्हणूनच आवश्यक आहे.

चवीबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. पुडीचा वास कोरडाच, काहीसा गवतासारखा येतो. पण गरम तुपात टाकताच लसूण आणि हिंग यांच्या मधला, किंचित गोडसर दरवळ स्वयंपाकघरभर पसरतो. जिरे तडतडल्यावर गॅस बंद करून मगच जंबू घालावा, कारण तो क्षणात करपतो आणि करपला की कडवट लागतो. कुमाऊंत गहत म्हणतात ते आपले कुळीथ. त्यामुळे कुळथाच्या कढणाला ही फोडणी देऊन पाहिली आणि ती फार छान जमली. बटाट्याच्या सुक्या भाजीलाही तिने वेगळीच लज्जत आणली. गोडा मसाला घातलेल्या चिंच-गुळाच्या आमटीत मात्र त्याचा पत्ताच लागत नाही. तिथे तो वाया घालवू नये.

विक्रेत्याच्या संकेतस्थळावर हा पदार्थ ‘कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी हिंगाला पर्याय’ म्हणून सुचवला आहे, तो दावा निखालस चुकीचा आहे. चातुर्मासात कांदा वर्ज्य करणाऱ्या घरात जंबूही वर्ज्यच ठरेल, कारण तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अस्सल कांदाच आहे. याउलट आपल्या सह्याद्रीत पावसाआधी फुलणारा कोळकांदा, ज्याला कित्येक जण रानकांदा म्हणतात, तो कांदाच नव्हे. तो वेगळ्या कुलातला आणि विषारी आहे. हिमालयातला रानकांदा खातात, मग आपलाही चालेल, असा तर्क कोणीही करू नये.

पुडीची झिप नीट बसत नाही, त्यामुळे घरी आल्यावर जंबू लगेच काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत काढावा. दमट हवेत तो मऊ पडतो आणि वास हरवतो. चवीसाठी पाचपैकी चार गुण, वेष्टनावरील माहितीसाठी एक. पुढची खरेदी मी जातीचे नाव आणि लागवडीचे गाव छापणाऱ्या विक्रेत्याकडूनच करीन, मग त्यासाठी चार पैसे जास्त मोजावे लागले तरी चालतील.