एकाच बोअरच्या दोन बंदुका, आणि दोन्ही ओळखणारं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं हे दुकान

दसऱ्याला पुण्याहून मेव्हणा आला होता. खंडेनवमीला पाटावर दोन बंदुका मांडल्या, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि याचा पहिला प्रश्न, "भाऊजी, दोन्ही बारा बोअर? हल्ली दोनच ठेवता येतात ना, मग एक काढा आणि रिव्हॉल्वर घ्या की." एकाच बोअरच्या, म्हणजे आतून सारख्याच रुंद नळीच्या, दोन कशाला, हे मी ग्वाल्हेरात वर्षानुवर्षं ऐकतोय, सासरी, लग्नात, आणि सगळ्यात जास्त बंदुकीच्या दुकानांमध्ये, कारण तिथे त्यांना रिव्हॉल्वर विकायचं असतं. हे एकच दुकान असं की काउंटरवर दोन्ही ठेवल्या आणि दुकानदार चाचांनी काहीच विचारलं नाही, चष्मा वर केला आणि दोन्ही नळ्यांच्या आत मापाचं गेज घालून बघितलं. म्हणून सविस्तर लिहितोय, ज्यांना आपल्या वाडवडिलांची बंदूक सांभाळायचीय त्यांना उपयोग होईल.

आधी माझ्याकडे काय आहे ते सांगतो, त्याशिवाय दुकान का आवडलं ते कळणार नाही. आजोबांची इंग्लिश दुनळी, नळ्या शेजारी शेजारी, अक्रोडाचा दस्ता, हातात घेतली की वजन जाणवतच नाही. बाबांची बिहारमधल्या मुंगेरची एकनळी, ती डबऱ्याकडच्या शेतावर असायची. आणि माझी स्वतःची वर-खाली नळ्यांची, ट्रॅपसाठी, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेम मारायच्या खेळासाठी घेतलेली, चांगली जड. तिन्ही बारा बोअर. १९८३ पर्यंत किती ठेवायच्या यावर बंधनच नव्हतं, मग तीनची मर्यादा आली, आणि २०१९ च्या डिसेंबरात कायदा बदलून तीनाच्या दोन झाल्या. सुरुवातीला तर सरकार एकच म्हणत होतं, नंतर दोनवर आलं. जास्तीची एका वर्षात ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची होती, वारशाची असली तरी सूट नाही. तेव्हा मी या दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला.

मी ठरवून गेलो होतो की दुनळी देऊन टाकू, जुनी आहे, वापर नाही, एकनळी राहू दे, बाबांचा हात आहे तिच्यावर. चाचांनी तिन्ही बघितल्या आणि जे सांगितलं ते आजवर कोणत्याही दुकानदाराने सांगितलं नव्हतं. एकनळी जे करते ते तुमची वर-खालीवाली जास्त चांगलं करते, पण दुनळी जे करते ते बाकीच्या दोघींना जमत नाही, आणि तिच्यासारखी परत मिळणारही नाही. विकायला दुनळीच त्यांच्या फायद्याची होती, गिऱ्हाईक लगेच मिळालं असतं, तरी त्यांनी एकनळी द्यायला सांगितली. मी दोन दिवस झोपलो नाही, आईला विचारलं, आई म्हणाली बाबा असते तर त्यांनी पण आजोबांचीच ठेवली असती. एकनळी दिली. चाचांनी ती जमा करून घेतली, पावती दिली, नंतर मुरैन्याच्या एका लायसन्सवाल्या शेतकऱ्याच्या नावावर गेली तेव्हा कागदांची झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "अच्छे घर गई है." डोळ्यात पाणी आलं तेव्हा.

आता मेव्हण्याचा प्रश्न. बोअर एक असलं म्हणजे बंदूक एक झाली असं नाही. बारा बोअर म्हणजे काय तर एक पाउंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. बास, एवढंच कळतं त्या आकड्यावरून. नळी किती लांब, तोंडाशी किती आवळलेली, दस्ता किती उंच, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) किती लांब, यातलं काहीच त्यात येत नाही. माझ्या दुनळीत उजवी नळी मोकळी आणि डावी फुल चोक, फुल चोक म्हणजे तोंडाशी पुरती आवळलेली नळी, ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे. एकाच बंदुकीत दोन स्वभाव, जवळचं उजवीने, लांबचं डावीने. ट्रॅपवालीचा दस्ता उंच, त्यामुळे ती मुद्दाम थोडं वर मारते, कारण मातीची तबकडी खड्ड्यातून वर चढत पळत असते आणि ११० मिलिमीटरची ती चकती दिसते न दिसते तोवर चाप ओढायचा असतो. दुनळी घेऊन ट्रॅपवर उभा राहिलो की माझे सगळे छर्रे तबकडीच्या खालून जातात, करून बघितलंय. आणि जड बंदुकीचा धक्का खांद्याला कमी, दिवसभर मारायचं तर फरक पडतो.

मेव्हण्याला मी शूटिंगचंच उदाहरण दिलं, कारण तो स्वप्निल कुसाळेचा फॅन आहे. स्वप्निलने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, आणि राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं ते २५ मीटर पिस्तुलात. एकाच्या हातात रायफल, दुसरीच्या हातात पिस्तूल, काडतूस दोघांचं पॉइंट टू टू (.२२). म्हणून तर मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या मेंबरला टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट टू टू रायफल असेल तर ती दोनची मर्यादा कायद्याने लागू नाही. खेळणाऱ्याला एकाच बोअरच्या जास्त लागतात हे कायदा करणाऱ्यांनाही मान्य आहे, मग आपल्या लोकांना का पटत नाही कळत नाही. शिवाय आपल्याकडे पर्याय तरी किती? ३०३ आणि नऊ एमएम सामान्य माणसाला नाहीच, ती प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. उरतं काय, बारा बोअर, ३१५ ची रायफल, बत्तीसचं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, पॉइंट टू टू, आणि थोडीफार इकडची तिकडची. मग घरात दोन असल्या की त्या एकाच बोअरच्या निघणं साहजिकच आहे. आणि खरं सांगायचं तर सोयीचंही आहे. हाताला एकच सवय, आणि काडतुसं एकाच जातीची. निदान मला तसं वाटत होतं.

इथेच मी मोठी चूक करणार होतो आणि या दुकानाने वाचवलं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातून (नाव लिहीत नाही) मी काडतुसं घेतली, त्याने विचारलं बोअर काय, मी म्हणलं बारा, त्याने पाकीट दिलं, झालं. पाकीट ७० मिलिमीटरचं होतं. मी तसाच इथे आलो, दुनळीची नळी जरा ढिली वाटत होती म्हणून दाखवायला, आणि बोलता बोलता म्हणलं की काडतुसं आहेत, दोन मारून बघू कधीतरी. चाचांचा चेहराच बदलला. त्यांनी नळी खोलून खालचे मापाचे ठसे भिंगातून दाखवले, गेज घातलं, माझ्या आजोबांच्या बंदुकीचं चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ चं. आता यातली भयंकर गोष्ट अशी की ७० चं काडतूस त्यात आरामात बसतं. कारण न मारलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं, त्यामुळे ते आखूड असतं, बंदूक बंद होते, काहीच खटकत नाही. मारलं की तोंड उलगडतं आणि चेंबरच्या पुढे जिथे नळी अरुंद होत जाते तिथे जाऊन अडतं, छर्रे जायची वाट आवळते आणि आतला दाब वाढतो, शंभर वर्षांच्या नळीत. पुढे काय होऊ शकतं ते लिहायची गरज नाही, डावा हात नळीखाली असतो आपला. चाचांनी ते पाकीट बाजूला ठेवलं, माझ्या दुसऱ्या बंदुकीसाठीचं म्हणून लाल पेनने मोठा ७० लिहिला, आणि दुनळीच्या पेटीत झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली, सिर्फ ६५. पैसे घेतले नाहीत याचे. ज्यांच्या घरात जुनी इंग्लिश दुनळी आहे त्यांनी, आणि ग्वाल्हेरात सरदारांच्या वाड्यांमध्ये, शिंदे की छावणीत, अशी घरं कमी नाहीत, कृपा करून आधी चेंबर मोजून घ्या, कुठूनही घ्या पण मोजून घ्या.

तसंच बत्तीसचं. मी बसलेलो असताना एक जण आला, घरी बत्तीसचं रिव्हॉल्वर, आता बत्तीसचं पिस्तूल घ्यायचं म्हणत होता, काडतुसं दोन्हीत चालतील, एकच खर्च. चाचांनी काउंटरवर दोन काडतुसं शेजारी उभी केली, रिव्हॉल्वरचं लांब, पिस्तुलाचं आखूड, एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही. आकडा एकच, वस्तू दोन. तो माणूस विचार करून येतो म्हणून गेला, चाचांची विक्री गेली, पण त्यांना काही वाटलं नाही.

आता कामाचं. दुनळीची नळी ढिली झाली होती ती घट्ट केली, एका नळीला बाहेरून पोचा होता तो काढला, फायरिंग पिन बदलली, दस्त्याच्या मागे रबराचा पॅड लावला कारण आजोबा माझ्यापेक्षा बुटके होते आणि त्यांच्या मापाचा दस्ता मला आखूड पडायचा. दस्ता कापला नाही, पॅड उद्या काढला तर आजोबांची बंदूक जशीच्या तशी. मी सांगितलंही नव्हतं, मिस्त्रीने स्वतःहून असं केलं. जुन्या नळीला चकचकीत ब्लूइंग (निळसर-काळा मुलामा) करून द्या असं मी म्हणलं तर नाही म्हणाला, ठसे घासले जातील, आणि ठसे गेले की पुढच्या पिढीला चेंबर किती ते कोण सांगणार. सगळे मिळून साडेचार हजार लागले, मला रास्त वाटले.

निवडणुकीत बंदुका जमा करायच्या झाल्या तरी मी इथेच करतो. २०२३ च्या विधानसभेला आणि पुढे २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेला, दोन्ही वेळा. यापूर्वी एका ठिकाणी ठेवलेली बंदूक परत मिळाली तेव्हा नळीत गंज होता, पावसाळाभर ओल्या भिंतीला टेकून ठेवलेली. इथे तेल लावून, कापडात गुंडाळून, पावतीवर नंबर आणि यूआयएन (लायसन्सचा युनिक नंबर) लिहून ठेवतात, आणि परत देताना तुमच्यासमोर नळीतून उजेड दाखवतात.

अजून एक गोष्ट आवडली ती सांगायलाच हवी. लग्नसराईत इथे पोरं येतात, वरातीसाठी काडतुसं द्या म्हणतात. चाचा सरळ हाकलतात. हर्ष फायरिंगला, म्हणजे आनंदात हवेत गोळ्या झाडायला, आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे किंवा दोन्ही, ते त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय. आपल्या भागात मांडवात गोळी लागून माणसं गेलीत, घरं उद्ध्वस्त झालीत, त्यामुळे ज्या दुकानदाराला विकण्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं त्याच्याकडेच मी जाणार.

कमी काय आहे तेही लिहितो. दुकान महाराज बाडा चौकाच्या मागच्या गल्लीत, गाडी लावायला जागा नाही, आणि बंदूक घेऊन अर्धा किलोमीटर चालणं बरं वाटत नाही, त्यामुळे रिक्षा करा आणि लायसन्सची ओरिजिनल जवळ ठेवा. मिस्त्री आठवड्यातून दोनच दिवस येतो, मला आठ दिवस सांगून तीन आठवडे लागले, आणि या काळात दोनदा जाऊन परत आलो, फोन करून कळवायला हवं होतं. ऑनलाइन पेमेंट घेत नाहीत. मुख्य म्हणजे ६५ ची काडतुसं बहुतेक वेळा नसतात, खडकीच्या कारखान्याची केएफ छापाची येतात ती बरीचशी ७० ची. मी नाव लिहून ठेवलंय. पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा त्या तीन आठवड्यांचा कापला.

मेव्हण्याला शेवटी मी दोन्ही बंदुका, रिकाम्या, उघडून तपासून, एकामागून एक खांद्याला लावायला दिल्या. दुनळी लावल्यावर तो काही बोलला नाही, नुसता दस्त्यावरून हात फिरवत राहिला, मग विचारलं, आजोबांची सही कुठे आहे यावर? दस्त्याच्या खाली, पितळेच्या छोट्या पट्टीवर आहे. ती पट्टी मिस्त्रीने पॉलिश न करता तशीच ठेवली होती.