अर्थ इंजिनवर ओढ्यावार हवामान: माणदेशात बिनधास्त, घाटात जपून

सातारा जिल्ह्यातल्या ओढ्यांत कुठले मासे नि पाण्यातले किडे कुठं टिकतील याचं मॉडेल करतोय, त्याला प्रत्येक ओढ्याच्या पाणलोटाचं तीस-चाळीस वर्षांचं पाऊस-तापमान लागतं, नुसतं जाळं टाकलं त्या जागेचं घेऊन भागत नाही कारण पाणी वरनं येतं. त्यासाठी गूगल अर्थ इंजिन वापरतोय, म्हणजे उपग्रह नि हवामानाचा डेटा गूगलच्याच संगणकांवर ठेवून तिथंच हिशोब करून देणारी सेवा. रिसर्चसाठी फुकट आहे. पाचपैकी चार स्टार, आणि गेलेला स्टार घाटाचा.

सगळ्यात भारी म्हणजे डाउनलोडची कटकट नाही. हवामानाच्या आकड्यांचे तयार संच, म्हणजे चिर्प्सचा रोजचा पाऊस १९८१ पासून, टेराक्लायमेट महिन्यावार १९५८ पासून, इरा५-लँड १९५० पासून, सगळं तिथंच पडलंय. पाणलोटांची शेपफाइल (सीमांच्या नकाशाची फाइल) चढवायची, सरासरी काढायची, टेबल ड्राइव्हवर घ्यायचं. कडेला अर्धवट आत आलेल्या पिक्सेलला, म्हणजे नकाशातल्या चौकोनाला, त्याच्या वाट्याइतकंच वजन मिळतं, हे पण बरंय. मोठा हिशोब स्क्रीनवर छापायला जाऊ नका, पाच मिनिटांची मर्यादा आहे, सरळ एक्सपोर्ट लावा. युनिट तेवढी बघून घ्या, इरा५ चं तापमान केल्व्हिनमध्ये नि पाऊस मीटरमध्ये येतो, टेराक्लायमेटचं तापमान दहानं भागावं लागतं.

आता घाट. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस आणि तिकडं दहिवडी-म्हसवडला पाचशेच्या आसपास, एकाच जिल्ह्यात! चिर्प्सचा एक पिक्सेल तीसेक चौरस किलोमीटरचा, आणि कासच्या पठारावरनं उतरणाऱ्या ओढ्याचं पाणलोट आठ-दहाचं, म्हणजे शेजारशेजारच्या तीन ओढ्यांना एकच आकडा मिळणार आणि मॉडेलला वाटणार तिघं सारखेच. हवामान खात्याचा पाव डिग्रीचा ग्रिड १९०१ पासूनचा आहे खरा, पण त्याचा एक चौकोन सातशे चौरस किलोमीटरच्या वर जातो, त्यात डोंगरमाथा नि सपाटी एकत्रच भरडली जाते. शिवाय चिर्प्स थंड, उंच ढगांवरनं पाऊस ओळखतो, सह्याद्रीवर बुटके ढगच धो धो ओततात, त्यामुळं तिथला आकडा कमी येतो. जवळपासच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघितल्याशिवाय घाटातला कॉलम वापरू नये. माणगंगेच्या बाजूला मात्र पाऊस असा पावलापावलाला बदलत नाही, तिथं बिनधास्त घ्या.

पाणलोटाच्या सीमा तयार पाहिजे असतील तर हायड्रोबेसिन्स आहे, पण त्याच्या सगळ्यात बारीक म्हणजे बाराव्या लेव्हलचा तुकडासुद्धा सरासरी १३० चौरस किलोमीटरचा. उरमोडी, तारळीसारख्यांना ठीक, ओढ्यांना नाही, त्यांच्यासाठी एसआरटीएमच्या ३० मीटर चौकोनांच्या उंचीच्या नकाशावरनं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः काढा. आणि तयार तुकडा म्हणजे पूर्ण पाणलोट नव्हे हो! वरचे सगळे तुकडे क्षेत्रफळाच्या वजनानं जोडायचे, नायतर संगम माहुलीच्या खाली कृष्णेला नुसता साताऱ्याचा पाऊस लागतो आणि महाबळेश्वर गायब.

वर्ष जानेवारीपासून धरू नका. जून ते मे धरलं की पावसाळा, परतीचा पाऊस आणि त्यामागचा उन्हाळा एका ओळीत बसतो, ओढा आटतो कधी हे त्यावरच ठरतं. वर्ल्डक्लिम या हवामानाच्या डेटातले तयार १९ बायोक्लिम (पाऊस-तापमानाचे सरासरी निर्देशांक) घेणाऱ्यांनी पण बघा, आपल्याकडं सगळ्यात उष्ण तिमाही मार्च ते मे, म्हणजे अठरावा व्हेरिएबल (सगळ्यात उष्ण तिमाहीतला पाऊस) आपल्यासाठी निव्वळ वळवाचा पाऊस. 'उन्हाळी पाऊस' म्हणून युरोपातल्या पेपरसारखा अर्थ लावला तर फसगत.

धरणाखालच्या ठिकाणांना यातलं काहीच पुरत नाही, पण तो दोष अर्थ इंजिनचा नाही. कोयनेचं पाणी विजेसाठी पोफळीकडं पश्चिमेला जातं, आणि टेंभू-म्हैसाळसारख्या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात चढतं, तिथं पाऊस शून्य असताना पण पात्रात पाणी दिसू शकतं. धरण आहे का, उपशाचं पाणी येतं का, हे दोन कॉलम गावात विचारून हातानंच भरावे लागतात.