‘लाइफटाइम प्रायमरी’चा सौदा: सेकंडहँड गेम घेताना अशी होते फसवणूक

सौदा बहुतेक वेळा रात्री व्हॉट्सॲपवर ठरतो. ‘भावा, प्रायमरी देतो, लाइफटाइम गॅरंटी, हजारात.’ दुकानात चार-पाच हजारांना मिळणारा पीएस फाइव्हचा (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) गेम हजारात म्हटल्यावर बेळगावच्या अनगोळचा, शहापूरचा किंवा निपाणीचा पोरगा लगेच पैसे पाठवतो. काही दिवस गेम मस्त चालतो. मग एका संध्याकाळी कन्सोल लावला की गेमच्या चित्रावर बारीकसं कुलूप दिसतं, आणि विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

मुळात त्याने गेम विकलेलाच नसतो. स्वतःच्या प्लेस्टेशन अकाउंटवर त्याने तो एकदाच घेतलेला असतो आणि तुम्हाला त्या अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड मिळतो. पुढचं तो फोनवर सांगतो: नवीन युजर टाका, लॉगिन करा, सेटिंग्जमध्ये ‘युजर्स अँड अकाउंट्स’, त्यात ‘अदर’, तिथे ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू करा, गेम डाउनलोड करा आणि आपल्या युजरवरून खेळा. हे सगळं खरंच चालतं, म्हणून विश्वास बसतो. या शेअरिंगलाच सौद्यात ‘प्रायमरी’ म्हणतात. पण एका अकाउंटचं शेअरिंग एका वेळी एकाच पीएस फाइव्हवर चालू राहतं. तेच अकाउंट त्याने गडहिंग्लजच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलं आणि तिथे शेअरिंग चालू झालं की तुमच्याकडचं बंद पडतं. पीएस फोरवर त्याला ‘प्रायमरी पीएस फोर’ म्हणतात, तिथेही जागा एकच. ‘सेकंडरी’ म्हणून आणखी स्वस्तात विकतात ते तर शेअरिंगसुद्धा नसतं. त्यात विकणाऱ्याच्याच युजरवर, इंटरनेट चालू ठेवून खेळावं लागतं. म्हणजे एकच गेम चार-पाच जणांच्या गळ्यात पडतो.

पासवर्ड आणि ईमेल बदलून घेतला की अकाउंट आपलं झालं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. खरेदीची पावती, तिच्यावरचा व्यवहार क्रमांक, नोंदवलेली जन्मतारीख हे सगळं पहिल्या मालकाकडे असतं, आणि त्याच्या जोरावर तो अकाउंट परत मिळवू शकतो. तुम्ही कंपनीकडे दाद मागायला गेलात तर अकाउंट विकणं-विकत घेणं हेच सोनीच्या अटींत बसत नाही. त्यामुळे ‘प्रायमरी’ या शब्दाने सुरू होणारा कुठलाही सौदा, समोरचा ओळखीतला असला तरी, करू नका.

‘कन्सोलसोबत वीस गेम फ्री’ हाही याच जातीचा प्रकार. हार्ड डिस्कवर दिसणारे गेम विकणाऱ्याच्या अकाउंटचे असतात, त्याने ते काढलं की सगळ्यांना कुलूप. किंमत ठरवताना फक्त हातात येणाऱ्या डिस्क मोजा. आणि कन्सोलला डिस्क घालायचा ड्राइव्ह आहे का ते आधी पाहा. पीएस फाइव्हच्या मॉडेल नंबरात सीएफआय (CFI) नंतरच्या चार आकड्यांपुढे ‘ए’ असेल तर तो ड्राइव्हवाला, ‘बी’ असेल तर डिजिटल, म्हणजे बिनड्राइव्हचा. एक्सबॉक्स सीरिज एसला ड्राइव्ह नाहीच. पीएस फाइव्ह स्लिमच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह वेगळा घेऊन बसवता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. २०२० च्या जुन्या डिजिटल मॉडेलला तीही सोय नाही.

खानापूरकडच्या खेड्यांत डिस्कच परवडते, हे खरं आहे. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत १०० जीबीचा गेम उतरवायला दोन महिन्यांहून जास्त लागतात. पण डिस्क घेतानाही फसवणूक होते, आणि ती डोळ्यांदेखत होते.

विकणारा स्वतःच्या घरी डेमो देतो: डिस्क घातली, गेम सुरू, पैसे द्या. त्याच्या कन्सोलवर गेम आधीच कॉपी झालेला असतो. तिथे डिस्कचं काम फक्त किल्लीचं, बाकी सगळं हार्ड डिस्कवरून चालतं. त्यामुळे अर्धी खराब असलेली डिस्कही चांगली वाटते. त्याला तो गेम डिलीट करायला सांगा, वायफाय बंद करा आणि डिस्कवरून पुन्हा पूर्ण कॉपी होऊ द्या. मेन्यू दिसला म्हणजे झालं असं समजू नका. पीएस फोरवर थोडा भाग कॉपी झाला की गेम सुरू होतो आणि बाकीचा मागे कॉपी होत राहतो. खराब डिस्क तिथेच, अर्ध्या वाटेत अडकते. म्हणून कॉपी संपेपर्यंत बसा. तो घाई करत असेल तर डिस्क परत द्या.

डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. लेबलच्या बाजूने टाचणीच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला तर ती घेऊ नका. मधून बाहेर जाणारा ओरखडा एक वेळ चालतो, गोलाकार ओरखडा वाईट, कारण तो माहितीच्या ट्रॅकच्या दिशेनेच जातो. ‘पॉलिश करून घ्या, शंभर रुपयांत होतं’ हे ऐकू नका. पीएस टूच्या बहुतेक आणि एक्सबॉक्स ३६० च्या डिस्क डीव्हीडी आहेत, त्यांत माहितीचा थर ०.६ मिलिमीटर आत असतो, म्हणून वरचं प्लॅस्टिक घासता येतं. पीएस थ्री, फोर आणि फाइव्हच्या डिस्क ब्ल्यू-रे. त्यांत हा थर फक्त ०.१ मिलिमीटर आत, वर कडक लेप. पॉलिशने तो लेपच जातो.

बॉक्स नव्हे, डिस्कवरचा छाप वाचा. पीएस फाइव्हची डिस्क पीएस फोरवर चालत नाही. काही डिस्कमध्ये गेम जवळजवळ नसतोच: २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर टू’च्या पीएस फाइव्ह डिस्कवर सुमारे ७० एमबीच होते, बाकी सगळं डाउनलोड. डाउनलोड लागेल असं बॉक्सवर छापलंय का, ते पाहूनच भाव करा. आतला जादा गेमचा कोड एकदाच वापरता येतो. सेकंडहँड बॉक्समधला कोड वापरलेलाच धरा.

ट्रॅव्हल्सने कोल्हापूरहून आलेलं पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, सील दिसेल असा. आणि ‘पैसे परत घ्यायला पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, विकणारा कर्नाटकातला असो की महाराष्ट्रातला, नंबर देशभर एकच आहे. नंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्यात यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक लागतो. चॅटचे स्क्रीनशॉट त्याच्याशी भांडण्याआधी काढून ठेवा, कारण तुम्ही ओरडलात की तो पहिल्यांदा स्वतःचे ताजे मेसेज दोन्हीकडून पुसतो आणि मग नंबर ब्लॉक करतो.